कुकरची रिंग आणि ‘टिअर’ नावाचा बागुलबुवा

‘टिअर’ हा शब्द एमआरआयच्या रिपोर्टांतून हद्दपार करावा अशी माझी नम्र (बरं, फारशी नम्र नाही) सूचना आहे. ‘फाटलंय’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर फाटलेली पँट येते. आणि फाटलेली पँट एकतर शिवायची असते किंवा फेकायची असते. तिसरा पर्याय सुचतच नाही. एका शब्दाने धडधाकट माणूस रुग्ण होतो, ऑफिसमध्ये रजेचा अर्ज टाकतो, इन्शुरन्सवाल्यांना फोन लावतो आणि रात्री गुगलवर बसून स्वतःचं वाटोळं करून घेतो.

आजचा विषय खुब्याचा लेब्रम. नाव ऐकलं नसेल तर बरंय, अजून काही वर्षं सुखात जातील :) पण दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि उरलेले दोन जिममध्ये काढणाऱ्या आपल्या जमातीला हा शब्द आज ना उद्या ऐकायला मिळणारच आहे. तेव्हा आधीच काही गोष्टी डोक्यात असलेल्या बऱ्या.

आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. गेले काही महिने एका मित्रापायी या विषयावरचं जे हाती लागेल ते वाचलं, दोन-तीन डॉक्टर मित्रांचं डोकं खाल्लं आणि त्यातून जी मतं झाली ती इथे मांडतोय. मतं ठाम आहेत. आपली जबाबदारी आपण घ्यावी.

तर लेब्रम म्हणजे काय?

खुबा म्हणजे उखळी सांधा. कमरेच्या हाडात एक वाटी, आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्या वाटीत बसलेला. वाटीच्या काठावर चिवट, रबरासारख्या कूर्चेची एक कड असते. तोच लेब्रम. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ओठ. कड पूर्ण गोल नसते, घोड्याच्या नालेसारखी असते, आणि खालच्या बाजूची मोकळी जागा एक आडवा अस्थिबंध भरून काढतो.

ही कड करते काय? पहिलं काम, वाटी खोल करणं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि ते समजायला आपल्या स्वयंपाकघरात जावं लागेल. कुकरची रिंग बघा. झाकण आणि भांडं दोन्ही धातूचे, दणकट. रिंग त्यांच्यापुढे अगदीच फालतू दिसते. पण रिंग काढा आणि डाळ शिजवून दाखवा! वाफ कडेने फुसफुसत निघून जाते, दाब तयारच होत नाही. लेब्रमही तेच करतो. सांध्यातलं वंगण आत दाबून धरतो. त्या द्रवाच्या दाबावर आपलं वजन तोललं जातं, म्हणून दोन्ही बाजूंच्या कूर्चा थेट एकमेकींवर घासत नाहीत. शिवाय गोळा वाटीतून बाहेर सरकू लागला तर आत ओढून धरणारी पोकळीही याच कडेमुळे तयार होते.

हे नुसतं उपमेवर सोडत नाही. २००० साली फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर खुब्याचं मॉडेल बनवून लेब्रम असताना आणि नसताना काय होतं ते तपासलं. लेब्रम काढल्यावर कूर्चा ४० टक्क्यांपर्यंत जास्त वेगाने दबली आणि घन भागाने घन भागावर येणारा ताण ९२ टक्क्यांपर्यंत वाढला. मॉडेल आहे, खरा माणूस नव्हे, हे मान्य. पण ‘कडेचा तो तुकडा काही कामाचा नाही’ असं म्हणणाऱ्याला गप्प करायला पुरेसं आहे.

आणखी एक गंमत. नीट बसलेल्या खुब्यात लेब्रम स्वतः वजन जवळजवळ उचलतच नाही, जेमतेम एक-दोन टक्के. पण ज्यांची वाटी जन्मतःच उथळ असते त्यांच्यात हाच बिचारा ४ ते ११ टक्के भार घेतो. म्हणजे ज्या घरात खांब कमी, तिथे रिंगलाच खांबाचं काम करावं लागतं! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझं पहिलं भांडण.

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. जुन्या कोडमध्ये एखादं फंक्शन कशाला आहे ते कळत नसेल, तर कळेपर्यंत ते डिलीट करायचं नाही. नवीन पोरं उत्साहाने उडवतात, टेस्ट पास होतात, आणि सहा महिन्यांनी दिवाळीच्या सेलमध्ये सर्व्हर झोपतो. सर्जरीचा इतिहासही याच उत्साहाने भरलेला आहे. गुडघ्यातल्या गादीचं, म्हणजे मेनिस्कसचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिला बिनकामाचा जुना अवशेष समजत. दुखली की अख्खी काढून टाकत. १९४८ साली फेअरबँक नावाच्या सर्जनने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून सांगितलं की बाबांनो, हे गुडघे बदलतायत, झिजल्यासारखे दिसतायत. तरीही सरसकट काढणं थांबायला पुढे कित्येक वर्षं गेली.

खुब्यात तेच झालं. सुरुवातीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांत लेब्रमचा फाटका भाग कापून साफ करायचा हीच रीत होती. नाव काय सुंदर, ‘डेब्रिडमेंट’! झाडलोट केल्यासारखं वाटतं. मग २००३ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की बऱ्याच तरुणांत लेब्रम उगाच फाटत नाही. गोळ्याच्या मानेवर हाडाचा जास्तीचा उंचवटा असतो किंवा वाटीचा काठ जास्त पुढे आलेला असतो, आणि पाय दुमडताना हाडावर हाड आपटून मधल्या लेब्रमचा चेंदामेंदा होतो. पहिल्या प्रकाराला कॅम म्हणतात, दुसऱ्याला पिन्सर. म्हणजे रिंग खराब नव्हती, झाकणच वाकडं होतं! नुसती रिंग कापून काय होणार होतं?

२००६ साली बर्नच्याच गटाने आपल्या ६० खुब्यांचे निकाल छापले. सगळ्यांत हाडाचा उंचवटा तासला होता. फरक इतकाच की काहींचा लेब्रम कापून टाकला होता, तर काहींचा परत जागेवर शिवला होता. दोन वर्षांनी शिवलेल्यांपैकी ८० टक्के ‘उत्तम’ गटात होते. कापलेल्यांपैकी २८ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. पण त्यानंतर ‘कापा’ऐवजी ‘शिवा’ ही हवा सुरू झाली, आणि ती योग्य दिशेने होती असं माझं मत आहे.

इथे लेख संपला असता तर किती छान झालं असतं ना? विज्ञान चुकलं, सुधारलं, टाळ्या. पण नाही. कारण शिवता येतं हे कळल्यावर जे दिसेल ते शिवायची घाई सुरू झाली. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांची संख्या अनेक पटींनी वाढली. माणसांचे खुबे दहा वर्षांत अचानक फाटायला लागले काय? नाही. फोटो चांगले निघायला लागले.

आणि हे माझं दुसरं, मोठं भांडण.

२०१२ साली अमेरिकेत एक साधा अभ्यास झाला. ज्यांना खुब्याचा काही म्हणजे काहीही त्रास नाही अशा ४५ लोकांचा एमआरआय काढला. फोटो वाचणाऱ्यांना कोण दुखणारा, कोण न दुखणारा हे कळू दिलं नाही. निकाल? ६९ टक्के लोकांत लेब्रम फाटलेला दिसला. परत वाचा. दुखत नाही, नाचतायत, पळतायत, आणि दहातल्या जवळजवळ सात जणांचा लेब्रम फाटका!

तुमच्यापैकी ज्यांनी कधी प्रॉडक्शनचा लॉग उघडलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लॉगमध्ये हजार वॉर्निंग असतात. सिस्टीम बंद पडल्यावर नवीन पोरगा लॉग उघडतो, पहिली वॉर्निंग बघतो आणि ओरडतो, “सापडलं!” अरे बाबा, ती वॉर्निंग तीन वर्षांपासून रोज येतेय. बंद पडायच्या आदल्या दिवशीही होती. ती असणं हा पुरावा नाही. ती आल्यामुळेच बंद पडलं, हे दाखव.

डॉक्टर मंडळींनाही हे ठाऊक आहे बरं का. २०१६ साली इंग्लंडात वॉरिक इथे तज्ज्ञांनी बसून एकमत केलं की हाडावर हाड आपटण्याचा हा आजार म्हणायचा तर तीन गोष्टी एकत्र हव्यात. माणसाला लक्षणं हवीत, हाताने तपासताना खुणा मिळायला हव्यात आणि फोटोत हाडाची ठेवण तशी दिसायला हवी. तिन्ही. नुसत्या फोटोवर हे निदान करायचं नाही. तरी प्रत्यक्षात काय होतं? माणूस फोटो आधी काढतो, डॉक्टर नंतर शोधतो. आणि व्हॉट्सॅपवर रिपोर्ट पाठवून विचारतो, “भाई, ऑपरेशन किती दिवसात?” दोष सगळा डॉक्टरांचा नाही हो. हात न लावता, नुसतं बोलून आणि तपासून पाठवणाऱ्या डॉक्टरला आपणच ‘ह्याला काही येत नाही’ म्हणतो. आपल्याला कागद पाहिजे, कागदावर नाव पाहिजे आणि नावावर पॅकेज पाहिजे.

आता त्या मित्राबद्दल. सोलापूरचा. कॉलेज तिथलंच, नोकरी पुण्यात, शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून घरी, रविवारी परत. वय ३२. जांघेत दुखणं सुरू झालं. गाडीत चार तास बसलं की उठताना कळ, मांडी घालून जेवायला बसलं की पाच मिनिटांत चुळबुळ. “बसूच वाटंना बे,” असं त्याच्या सोलापुरी भाषेत वर्णन. एमआरआय झाला. ‘अँटेरोसुपिरिअर लेब्रल टिअर.’ एका मोठ्या, चकचकीत रुग्णालयात (नाव महत्त्वाचं नाही) सात मिनिटांत सांगितलं गेलं की लवकरात लवकर दुर्बिणीने शिवून घ्या, उशीर केलात तर तरुणपणी सांधा बदलावा लागेल. खर्च लाखांच्या घरात. तारीखही सुचवली. सात मिनिटं त्याने मोजली होती, कारण तो माझ्यासारखाच किरकिरा आहे.

त्या सात मिनिटांत काय झालं नाही त्याची यादी वाचा. त्याला झोपवून गुडघा छातीकडे घेऊन आत वळवून कळ येते का, हे बघितलं गेलं नाही. साधा एक्स-रे नीट काढून वाटी उथळ आहे का, उंचवटा आहे का, हे मोजलं गेलं नाही. सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देऊन दुखणं तात्पुरतं थांबतं का, म्हणजे दुखणं खरंच सांध्यातूनच येतंय का, याचा विषयही निघाला नाही. व्यायामोपचार करून पाहिलेत का, हे विचारलं गेलं नाही. आणि ‘उशीर केलात तर सांधा बदलावा लागेल’ हे ठणकावून सांगितलं गेलं, ज्याला माझ्या वाचनात तरी पक्का आधार सापडला नाही. लेब्रम शिवल्याने पुढची झीज टळते, हे अजून कुणी खणखणीतपणे सिद्ध केलेलं नाही. त्रास कमी होतो, हे वेगळं. भविष्य सुरक्षित होतं, हे वेगळं. दुसऱ्याची भीती दाखवून पहिलं विकणं याला आमच्याकडे सेल्स म्हणतात.

मग ऑपरेशन निरुपयोगी आहे का? नाही! आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय, म्हणून जरा आकडे देतो.

२०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधली एक मोठी चाचणी आली. २३ रुग्णालयं, ३४८ माणसं. निम्म्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन, निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम, कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकून. वर्षाने शंभरपैकी गुण मोजले. ऑपरेशनवाल्यांचे सरासरी ५८.८, व्यायामवाल्यांचे ४९.७. सुरुवातीचे फरक वजा करून खरं अंतर ६.८. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक धरला होता ६.१. म्हणजे ऑपरेशन जिंकलं, पण मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत गेली. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये ब्रिटनमध्येच २२२ माणसांवर झालेल्या चाचणीतही ऑपरेशनच पुढे होतं, आणि तिथे अंतर १० गुणांचं होतं.

आता दोन्ही बाजूंच्या लोकांनी हे नीट बघावं. ‘ऑपरेशन म्हणजे निव्वळ लूट’ म्हणणाऱ्यांनी बघावं की फायदा आहे, दोनदा दिसलाय. ‘ऑपरेशनशिवाय इलाज नाही’ म्हणणाऱ्यांनी बघावं की व्यायामवालेही सुधारले, आणि ऑपरेशनवालेही वर्षाने शंभरपैकी साठाच्या आतच राहिले. शंभर कुणीच झालं नाही. शिवाय या चाचण्यांत खोटं ऑपरेशन करून तुलना केलेली नव्हती. ‘माझं ऑपरेशन झालंय’ या भावनेचा असर किती आणि टाक्यांचा किती, ते त्यातून कळत नाही. ही शंका उगाच नाही. गुडघ्याच्या बाबतीत २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ जणांवर तसं करून पाहिलं. निम्म्यांची झिजेने फाटलेली गादी खरोखर कापली, निम्म्यांवर नुसतं कापल्याचं नाटक. वर्षाने दोन्ही गट सारखेच! खुबा म्हणजे गुडघा नव्हे, कबूल. पण आत्मविश्वास थोडा आवरायला हरकत नाही.

टेनिसवाल्यांचे दाखले देणाऱ्यांसाठी एक परिच्छेद. नदालने जून २०२३ मध्ये दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं, त्यात लेब्रमची जुनी जखमही दुरुस्त केली, जानेवारी २०२४ मध्ये तो परत कोर्टवर आला आणि त्याच वर्षाअखेर निवृत्त झाला. अँडी मरेचं जानेवारी २०१८ मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं, वर्षभरात दुखणं परत आलं आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याला खुब्यात धातू बसवावा लागला. त्या धातूवर त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकली. यातून तुम्हा-आम्हाला काय शिकता येतं? काहीही नाही. त्यांचा खुबा त्यांच्या पोटापाण्याचा, आपला खुबा आपल्या. असो.

तिसरं भांडण ‘काही नसतं हो, तेल लावा’ संप्रदायाशी. यांना लेब्रमबद्दलचं वरचं सगळं वाचून आनंदाच्या उकळ्या फुटत असतील. थांबा. तरुण माणसाच्या जांघेतलं दुखणं ‘मुरगळलं असेल’ म्हणून चोळत बसणं हा फोटो बघून कापण्याइतकाच गाढवपणा आहे. कारण त्याच जागी, तसंच दुखत दुसराच आजार येऊ शकतो, तो म्हणजे एव्हीएन. यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरायला लागतं. स्टेरॉइड, अतिरेकी दारू, सिकलसेल ही त्याची ओळखीची कारणं. कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या आणि मग खुबा दुखायला लागलेल्या चाळिशीच्या आतल्या तीन जणांची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ सालीच केली होती. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्येच कळतं. लवकर कळलं तर गोळा वाचवायची संधी असते. सहा महिने मालिश केलीत तर ती संधी तेलात तळली. खुब्याचा क्षयही आपल्याकडे अजून संपलेला नाही. तेव्हा मी एमआरआयच्या विरोधात नाही. एमआरआयमधल्या एका ओळीला देव मानण्याच्या विरोधात आहे.

याच संप्रदायाची एक शाखा म्हणजे पद्मासनवाले. “रोज पद्मासन घाला, खुबा मोकळा होतो.” ज्याच्या गोळ्यावर हाडाचा उंचवटा आहे त्याने जोर लावून खुबा दुमडला-वळवला तर आतमध्ये हाड हाडावर आपटतं. स्नायू ताणून लांब होतो, हाड ताणून वाकत नाही. कळ आली की थांबायचं. योगाचा अपमान होत नाही त्याने.

आता सोलापूर. तुम्ही म्हणाल, लेब्रम आणि सोलापूरचा काय संबंध? आहे. माझं खरं दुखणं तेच आहे.

खुब्याचं ऑपरेशन किती यशस्वी झालं हे मोजायला जगभर अनेक वर्षं वापरलेला एक तक्ता आहे, हॅरिस हिप स्कोअर. बोस्टनच्या विल्यम हॅरिस यांनी १९६९ साली मांडला. शंभर गुण, त्यातले ४४ दुखण्याला. बाकीचे प्रश्न बघा. किती ब्लॉक चालता येतं? खुर्चीत तासभर बसता येतं का? बूट-मोजे घालता येतात का? जिना? सार्वजनिक वाहनात चढता येतं का? बोस्टनसाठी झकास. पण सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत किती ब्लॉक होतात हो? आणि मांडी घालून बसता येतं का, हा प्रश्नच नाही. उकिडवं बसता येतं का, नाही. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, नाही.

सोलापुरात घराघरांतून बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात पान आणि तंबाखू, जमिनीवर बसून तासन् तास. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. त्या बाईला खुर्चीत तासभर बसता येतं का, हे विचारून तिच्या खुब्याबद्दल काय कळणार? तिला जमिनीवर बसता आलं नाही तर त्या दिवशीची मजुरी बुडाली. या तक्त्यावर तिला शंभरपैकी नव्वद मिळतील आणि घरात चूल पेटणार नाही. आमच्या मित्राला मांडी घालता आली नाही तर फार तर हुरडा पार्टीत प्लास्टिकची खुर्ची मागावी लागेल आणि लोक चिडवतील. दोघांचा लेब्रम सारखाच फाटला असेल, पण दोघांचा प्रश्न एक नाही. आणि एमआरआयच्या रिपोर्टात हा फरक कुठल्याच ओळीत येत नाही.

म्हणून मी म्हणतो की ‘टिअर आहे का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘या माणसाला काय करता येत नाहीये, आणि ते करता येण्यासाठी काय लागेल’ हा खरा प्रश्न. तो विचारायला मशीन लागत नाही. वेळ लागतो. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये सोलापूर जिल्ह्याबरोबर धाराशिव आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडूनही माणसं येतात. तिथल्या गर्दीत डॉक्टरला वेळ नाही हे मी समजू शकतो. पण लाखांचं पॅकेज विकणाऱ्या ठिकाणी सात मिनिटं? तिथे वेळ नसतो असं नाही, तिथे वेळेचा भाव वेगळा असतो. ज्या गावाने डॉ. कोटणीसांसारखा सर्जन जगाला दिला, त्या गावच्या पोराने इतकी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

उपदेश संपवतो. खुबा दुखतोय आणि कुणी ऑपरेशन सुचवलं, तर हे विचारा, न लाजता.

१. माझं दुखणं सांध्यातूनच येतंय हे कशावरून? मणका, हर्निया, स्नायू तपासलेत का? इंजेक्शन देऊन खात्री करता येईल का?

२. एव्हीएन नाही ना?

३. हाडाची ठेवण कशी आहे? उंचवटा आहे का? आणि वाटी उथळ तर नाही? (आठवतंय ना, उथळ वाटीत लेब्रम खांबाचं काम करतो. तिथे नुसती दुर्बिणीची शिवणकला पुरत नाही, कधीकधी वाटीच वळवून बसवायचं मोठं ऑपरेशन लागतं. आणि अशा खुब्यात लेब्रम कापणं म्हणजे खांबच काढणं.)

४. लेब्रम कापणार की शिवणार? आत गेल्यावर ठरवणार असाल तर कशावरून ठरवणार?

५. कूर्चा आधीच किती झिजलीय? फार झिजली असेल तर नुसती रिंग शिवून फायदा काय?

६. तीन महिने नीट, माणसाच्या देखरेखीखाली व्यायाम केला तर काय बिघडेल? (ब्रिटनच्या चाचणीत १२ ते २४ आठवड्यांत सहा ते दहा वेळा फिजिओथेरपिस्टची भेट होती. यूट्यूबवरचे व्हिडिओ नव्हेत.)

७. तुम्ही अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता? (हे काम अवघड आहे. पाय ताणून सांधा उघडावा लागतो, त्या ताणाने काही दिवस जांघेजवळ बधिरपणा येऊ शकतो. शिकाऊ हातासाठी आपला खुबा देऊ नये.)

८. नंतर मला मांडी घालता येईल का?

या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर बदला. शांतपणे उत्तरं देणारा, आणि मधेच ‘हे नक्की माहीत नाही’ म्हणणारा भेटला तर पाय धरा. आणि त्याने सगळं बघून ‘कर ऑपरेशन’ म्हटलं तर करा. तेव्हा मग ‘माझ्या मावशीच्या दिराला’ छापाचे सल्ले ऐकत बसू नका, माझाही लेख विसरा.

मित्राचं काय झालं, असं विचारणार हे माहितीये. दुसऱ्या एका डॉक्टरने त्याला अर्धा तास तपासलं. एव्हीएन नाही, वाटी व्यवस्थित, उंचवटा आहे पण छोटा. सध्या घरून काम, चार महिने झाले व्यायाम चालू. गाडीतलं दुखणं बरंच कमी झालंय. उकिडवं बसलं की अजून कळ येते. सहा महिन्यांनी परत बघायचं आणि तेव्हाही अडत असेल तर शिवून घ्यायचं, असं त्या दोघांनी मिळून ठरवलंय. चमत्कार वगैरे काही नाही. लेब्रम अजून फाटलेलाच आहे. फोटो काढला तर रिपोर्टात तीच ओळ येईल.

फक्त आता त्या ओळीला किती भाव द्यायचा, हे तो ठरवतो.